थेनचा साप

रूलनच्या डोक्यातून माणसं निघून जायला लागली ती लांबून जवळ अशी. आधी खालच्या गावातली गेली, मग चर्चमधली, मग शेजारची आर्डेथ. आर्डेथ म्हणजे दर शनिवारी घरचा पाव घेऊन येणारी, लग्नापासूनची शेजारीण. तिला तो एके दिवशी दारातच म्हणाला, "बाई, आम्हाला काही विकत घ्यायचं नाही." आर्डेथ गाडीत बसून रडली आणि पाव कुंपणाच्या खांबावर ठेवून गेली. डेल्फाला, म्हणजे त्याच्या बायकोला, तेव्हा हसू आलं होतं. पुढे सख्ख्या भावाला त्याने "आपण कुठले?" असं विचारलं तेव्हा ते हसू आटलं. आता तर डेल्फाकडेही तो मधूनच असा बघायचा, की ही कोण बाई आपल्या घरात भांडी घासतेय, आणि बरी घासतेय.

एवढं सगळं गेलं तरी एक साप राहिला होता.

घराच्या मागे, लाल कड्याच्या पोटात खोदलेलं बटाट्याचं तळघर होतं. त्याच्या दगडी चौकटीच्या फटीत तो साप राहायचा. वाळलेल्या गवताचा रंग, पाठीवर तपकिरी ठिगळं, लांबीला माणसाएवढा. आपल्या धामणीसारखाच उंदरांवर जगणारा, विषाचा थेंब नाही. पण सोंग आणावं तर त्यानेच. कुणी अंगावर आलं की डोकं चपटं करायचा, भात्यासारखा फुत्कारायचा, आणि शेपटी अशी थरथरवायचा की ती पाचोळ्यात पडली तर खुळखुळ्या सापाने खुळखुळाच वाजवला असं वाटावं. खरे खुळखुळे, शेपटीच्या टोकाला खुळखुळा असलेले जहरी साप, त्या दरीत काही कमी नव्हते, आणि ते सोंग आणत नाहीत.

गावात म्हणायचे, तळघरातला साप आणि रूलन एकाच आईची लेकरं आहेत. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून रूलन ज्याच्या त्याच्या अंगावर धावून जायचा आणि संध्याकाळी त्याच माणसाच्या शेतात आपलं पाणी सोडून यायचा. गरजेल तो पडेल काय, म्हणून त्याचं बोलणं कुणी कधी मनावर घेतलं नाही. दात लागला तो एकदाच, आणि लागला तो पोटच्या पोराला.

पोराचं नाव थेन. साप त्यानेच आणलेला. उंदरांनी बियाण्याचे बटाटे कुरतडून टाकले त्या वर्षी हा शाळकरी पोरगा दरीतून सदऱ्यात साप गुंडाळून घेऊन आला आणि बापासमोर उघडा उभा राहिला. "मांजरापेक्षा बरा आहे, बाबा. दूध मागत नाही." रूलन हसला. त्या वेळचे बिशप प्रवचन करताना पुढच्या दातांच्या फटीतून सूं सूं करायचे, म्हणून पोराने सापाचं नाव ठेवलं बिशप. डेल्फाने दोघांनाही दटावलं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. एकदा खरे बिशप दिवाणखान्यात बसलेले असताना रूलन अंगणातून ओरडला, "डेल्फा, धाव, बिशप उंदीर गिळतोय!" त्या दिवशी धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

त्यांच्या चर्चमधली पोरं एकोणिसाव्या वर्षी दोन वर्षं धर्मप्रचाराला जातात. सगळं गाव निरोप देतं, सगळं गाव वाट बघतं. थेन गेला आणि पहिल्याच हिवाळ्यात परत आला. ज्यावर आपला विश्वास नाही ते लोकांच्या दारात उभं राहून सांगायला त्याची जीभ वळेना, एवढंच कारण. रूलन त्याला भर अंगणात, चर्चहून आलेल्या चारचौघांसमोर म्हणाला, "अर्धं काम टाकून पळणारा माझा कुणी नाही. माझ्या दारात उभा राहू नकोस." उचलली जीभ लावली टाळ्याला. जमलेले सगळे ओळखून होते की उद्या हाच फाटकात जाऊन पोराला हाक मारणार. पण बापाचं बोलणं खरं मानणारा त्या घरात थेन एकटाच होता. त्याने त्याच संध्याकाळी बस पकडली.

तो नेवाडात, रेनोला राहिला. मोठमोठ्या हॉटेलांची थंड हवेची यंत्रं दुरुस्त करायचा. नात्यात कुणाचं मयत असलं की यायचा, बापापासून लांब, कबरीच्या पलीकडच्या बाजूला उभा राहायचा आणि आईला मिठी मारून परत जायचा. रूलनने त्याला कधी फोन केला नाही. वाकणं त्याच्या पाठीला माहीत नव्हतं. साप मात्र त्याने सांभाळला. घरात मांजर येऊ दिलं नाही, उंदराचं औषध आणू दिलं नाही. तळघराला नवं दार बसवलं तेव्हा सुताराशी भांडून चौकटीतली फट तशीच ठेवून घेतली. एवढ्या वर्षांत एक साप मरून दुसरा, दुसरा मरून तिसरा आला असणार, असं डेल्फाला वाटायचं. तसं म्हटलं की रूलन खवळायचा. "साप तोच आहे. तुझा चष्मा बदल."

गेल्या वसंतात काय झालं ते डेल्फा कुणाला सांगत नव्हती, सांगितलं असतं तरी कुणाला पटलं नसतं. जर्दाळूचा मोहर गळाला, उन्हं तापली, आणि रूलन तळघरासमोर पालथ्या बादलीवर जाऊन बसला. तो रोजच बसायचा. एका सकाळी फटीतून ते पिवळं डोकं बाहेर आलं, आणि रूलनच्या तोंडावरची झापड कुणी हाताने काढावी तशी निघाली. "डेल्फा," त्याने हाक मारली. नावाने. "बिशप बाहेर आला. थेनला फोन कर." तिने धावत जाऊन फोन लावला. थेनने पलीकडून उचलला, तिने तो रूलनच्या कानाला लावला, तोवर दूध उतू जायला लागतो तेवढा वेळ निघून गेला होता. रूलन फोनकडे बघत म्हणाला, "कोण बोलतंय? रविवारी फोन करू नका." त्या दिवशी रविवार नव्हता.

म्हणून या वसंतात तिने ठरवलं होतं, की साप बाहेर येईल त्या दिवशी थेन फोनवर नाही, अंगणात असला पाहिजे. बापाने एकदा त्याच्याकडे बघून त्याचं नाव घ्यावं, मग काय जायचं ते जाऊ दे. तिला दुसरं काही नको होतं.

"पाठ धरलीये रे माझी," ती फोनवर म्हणाली. "पाण्याची पाळी आलीये. आठवडाभर ये." पाठ धरली होती हे खरंच होतं.

थेन आला. डोक्यावरचे केस गेलेले, पोट सुटलेलं, पण गाडीतून उतरला तो अगदी बापासारखा, एक हात दारावर ठेवून. रूलनने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पाटकरी आला वाटतं. ऑरसनकडचा ना तू?"

थेनने आईकडे पाहिलं. तिने मान हलवली, असू दे.

"हो," थेन म्हणाला. "ऑरसनकडचाच."

"ऑरसन पाणी चोरतो. त्याला सांग, मी सांगितलं म्हणून."

शेजारच्या शेतातला ऑरसन मरून जमाना झाला होता.

मग चार दिवस त्या घरात एक विचित्र सुख नांदलं. थेन सकाळी फावडं घेऊन चारीवर जायचा, पाणी वळवायचा, आणि रूलन काठी टेकत मागोमाग जाऊन त्याच्या चुका काढायचा.

"फावडं बघ कसं धरलंय! चर्चमध्ये पावाचं तबक फिरवतोस का?"

"सवय गेली, साहेब."

"साहेब कुणाला म्हणतोस? साहेब असतो तर तुला बोलावलं असतं का?" थोडं थांबून तो म्हणायचा, "पण बांध बरा घालतोस. कुणी शिकवलं?"

"वडलांनी."

"कसा होता माणूस?"

"तोंडाचा तिखट."

"तिखट बरा. गोड बोलणारे पाणी चोरतात."

डेल्फा दोरीवर कपडे वाळत घालताना हे ऐकायची. इतकी वर्षं हे दोघं एका वेळी चार वाक्यं बोलले नव्हते. एकदा थेन गाडीत लपून थर्मासमधली कॉफी पीत होता. त्या घरात कॉफी कधी शिजली नव्हती, त्यांच्या चर्चमध्ये ते पाप होतं. रूलन खिडकीशी जाऊन नाक फुरफुरवत उभा राहिला. डेल्फाला वाटलं, आता फुत्कार. तर तो हळूच म्हणाला, "माझ्या बायकोला कळू देऊ नकोस. एक घोट दे." आणि दोघं गाडीत शेजारी शेजारी बसून एकाच झाकणातून प्यायले. डेल्फाने पाठ फिरवून चादर झटकली. देवाला काय हिशेब द्यायचा तो ती देणार होती.

संध्याकाळी जेवायला, थेनच्या लहानपणी असायचं तेच: थंड दुधात कुस्करलेला पाव आणि पातीचा कांदा. थेनने कुस्करताना दूध टेबलावर सांडलं.

"माझा पोरगा असंच सांडतो," रूलन म्हणाला.

थेनचा हात थांबला. "कुठे असतो तो?"

"शाळेत. येईल आता." रूलनने खिडकीबाहेर बघितलं. "उशीरच झाला त्याला आज."

जेवण झाल्यावर थेन भांडी विसळायला आईशेजारी उभा राहिला. "आई, मी उद्या निघतो."

"चार दिवस थांब."

"कशासाठी? त्यांच्या डोक्यात मी पोरगा म्हणून आहे, माणूस म्हणून नाहीच. मला हाकललं तेसुद्धा ते विसरले. माझ्या डोक्यातून तेवढंच जात नाही. मग भांडू तरी कुणाशी?"

"उन्हं तापू दे. मग जा."

"उन्हं तापली की काय होणार आहे?"

"बघशील."

तिने सापाचं सांगायला हवं होतं. एक वाक्य, भांडी विसळता विसळता. पण एवढ्या वर्षांत पोराला द्यायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं, हे एवढं एकच होतं, आणि ते देताना त्याचं तोंड बघायचा मोह तिला आवरेना. थेनला वाटत होतं तो साप केव्हाच मेला असेल. त्याने विचारलंच नाही.

आणखी एक गोष्ट राहून गेली. त्या खोऱ्यात हिवाळ्यापूर्वी तळघराच्या दाराशी कॉटनवुड नावाच्या झाडाच्या वाळक्या पानांचा ढीग रचतात, बटाट्यांना हीव लागू नये म्हणून. वसंत आला की तो पाचोळा ओढून टाकायचा. ते काम कायम रूलनचं. या वर्षी त्याला ते आठवलं नाही, डेल्फाच्या पाठीला जमलं नाही, आणि थेनला सांगू सांगू म्हणत पाटाच्या पाळीत ते मागे पडलं. दाराच्या दोन्ही बाजूंना पानं गुडघ्याएवढी होती, उन्हाने कुरकुरीत झालेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थेन शेवटचं पाणी द्यायला खालच्या शेतात गेला. गाडीत त्याची बॅग ठेवलेली होती. रूलन पालथ्या बादलीवर बसला होता, हॅट डोळ्यांवर ओढून. डेल्फा खिडकीशी पिठाचा गोळा मळत होती आणि मळता मळता प्रार्थना करत होती, ओठ न हलवता. आज येऊ दे. तो निघायच्या आत येऊ दे.

आणि तो आला. फटीतून आधी डोकं, मग हातभर अंग, उन्हात दगडावर टेकलेलं. रूलनने हॅट काढली. चर्चमध्ये काढावी तशी काढून मांडीवर ठेवली. त्याचा चेहरा खिडकीतून तिला अर्धाच दिसत होता, पण तेवढा पुरे होता. झापड निघाली होती. तो पुन्हा तिचा नवरा झाला होता, अंगणात बसलेला.

पिठाचे हात तसेच घेऊन ती मागच्या पायरीवर आली. थेन फावडं खांद्यावर टाकून बांधावरून येत होता, अजून लांब होता. वेळ किती थोडा असतो ते तिला गेल्या वर्षी कळलं होतं.

"थेन!" ती ओरडली. "थेन, पळ! बाबांकडे पळ! लवकर!"

आनंदाची आरोळी आणि भीतीची आरोळी लांबून सारखीच ऐकू येते. पायरीवर म्हातारी आई हात उंचावून किंचाळतेय, एवढंच थेनने पाहिलं आणि तो धावत सुटला.

तिची हाक रूलननेही ऐकली. त्याने मान वळवली, धावत येणाऱ्या माणसाकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडावर असं हसू आलं जे डेल्फाने कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. त्याने हात वर केला.

"हळू, थेन," तो म्हणाला. "हळू रे. बिचकेल तो."

आवाज म्हाताऱ्याचा होता. पायरीपर्यंत पोचला, धावणाऱ्याच्या कानापर्यंत पोचला नाही. त्या जड बुटांनी जमीन हादरली आणि एव्हाना अख्खा बाहेर आलेला साप बिचकला. फटीकडे वळायला वेळ नव्हता, तो समोरच्या पाचोळ्यात शिरला, रूलनच्या पायाशी वेटोळं करून बसला, डोकं चपटं केलं, आणि शेपटी थरथरवली. वाळकी पानं वाजायला लागली.

त्या खोऱ्यात पोराला चालता यायला लागलं की एक गोष्ट शिकवतात. स्वतःच्या पायाशी खुळखुळा वाजला तर दगड व्हायचं. दुसऱ्याच्या पायाशी वाजला तर आधी फावडं, मग नजर. थेनला हे रूलननेच शिकवलं होतं, याच अंगणात. बरीचशी शिकवण त्याने टाकून दिली होती. ही टाकली नव्हती.

"नको!" डेल्फा ओरडली. तेवढ्यात फावडं खाली आलं होतं.

एकाच घावात झालं. थेनने बापाला दोन्ही काखांत धरून बादलीवरून उचललं, मागे ओढलं, विजारीचे पाय वर करून पोटऱ्या चाचपल्या. "चावला का? बाबा, चावला का तुम्हाला? बोला ना!" त्याच्या तोंडावरून घाम आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्याला पाचोळ्यात अजून थरथरणारी शेपटी दिसली. टोकाला निमुळती होत गेलेली, खुळखुळा नसलेली शेपटी. पुढे गवताच्या रंगाचं अंग, त्यावर तपकिरी ठिगळं. डोळ्यातली बाहुली गोल, खुळखुळ्यासारखी उभी चीर नाही.

थेन गुडघ्यांवर बसला.

"हा बिशप आहे?" त्याने आईला विचारलं. "आई, हा अजून होता?"

डेल्फा रूलनकडे बघत होती. ते हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं, पण त्यामागचा माणूस निघून जात होता, आणि तिला त्याचा हात धरून थांबवता येत नव्हतं. तो सापाकडे बघत होता. आयुष्यभर ज्याने कोंबडीवरसुद्धा आवाज चढवला तो या वेळी ओरडला नाही.

"काय केलंस हे?" तो हळू म्हणाला. "हा माझ्या पोराचा साप आहे."

"बाबा..."

"मी त्याला एकदा नको ते बोललो. चारचौघांत बोललो. मागे घ्यायला गेलो फाटकात, तर बस गेलेली." रूलनने हॅट उचलायला हात पुढे केला, ती पानांत पडली होती, सापडली नाही. "तेव्हापासून हा सांभाळलाय. म्हटलं, माझ्यासाठी नाही तर नाही, साप बघायला तरी येईल. आता तो कशाला येईल?"

फाटकाचं डेल्फालाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका उशीवर डोकं ठेवून तिला ते ठाऊक नव्हतं.

"बाबा, मीच थेन. आलोय मी. बघा माझ्याकडे."

रूलनने बघितलं. नीट, वेळ घेऊन बघितलं. मग त्याने थेनच्या टकलावर हात ठेवला, एखाद्या अनोळखी माणसाची कीव यावी तसा. "तू भला माणूस आहेस. पण खोटं बोलू नकोस. थेन एवढासा आहे." त्याने हाताने उंची दाखवली. कमरेएवढी.

थेनने अंगातला सदरा काढला. साप दोन्ही तुकडे जुळवून त्यात गुंडाळला आणि छातीशी धरून दरीच्या तोंडाकडे चालू लागला, उघडाच. रूलन त्याच्यामागे काठी टेकत गेला. डेल्फा त्यांच्यामागे गेली. हाताला पीठ वाळून पापुद्रे धरले होते. जिथून पोराने साप आणला होता तिथे, लाल दगडांच्या आडोशाला, थेनने खड्डा केला. त्याच फावड्याने, दुसरं नव्हतं.

माती लोटून झाल्यावर रूलन म्हणाला, "त्याला सांगू नकोस कुणी मारला ते. मी मारला म्हणून सांगेन."

"का?"

"तो माझ्यावर रागावलेलाच आहे, अजून थोडा रागावेल. तुला पुढच्या पाळीला इथे यायचंय. उगाच वैर कशाला?"

थेनने फावडं जमिनीत रोवलं आणि त्याच्या दांड्यावर कपाळ टेकलं.

"तो रागावणार नाही," शेवटी तो म्हणाला.

"तू ओळखतोस त्याला?"

"थोडाफार."

"मग भेटला तर सांग," रूलन म्हणाला, आणि काय सांगायचं ते आठवत उभा राहिला. आठवलं नाही. कड्यावरचं ऊन बघत तो म्हणाला, "बाई जेवायला बोलावत असेल, चल."

बाई शेजारीच उभी होती.

दुपारी थेनने गाडीतली बॅग आत आणली. मग तळघरासमोरचा सगळा पाचोळा ओढून काढला, एक पान राहू दिलं नाही, आणि जमीन खराट्याने झाडली. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. नंतर तो स्वयंपाकघरात येऊन हात धूत राहिला, धुऊन झाले तरी नळ बंद करेना.

"आई, त्यांनी हात का वर केला होता? मी धावत येताना. काहीतरी म्हणत होते ना?"

डेल्फाची पाठ त्याच्याकडे होती. सकाळचा पिठाचा गोळा परातीत तसाच पडला होता, वरून कडक झालेला. ज्या एका शब्दासाठी तिने पोराला एवढ्या लांबून बोलावलं होतं तो शब्द बापाने उच्चारला होता. त्याच्याकडे बघून, हसून, नावाने. ते ऐकणारी जगात ती एकटी होती. सांगावं तर हा माणूस उरलेलं आयुष्य तो एक क्षण, ते एक फावडं पुन्हा पुन्हा उचलत राहील. न सांगावं तर बापाने आपल्याला ओळखलंच नाही असं धरून जगेल. तिने दोन्ही तोलून पाहिलं. दोन्ही सारखंच जड होतं.

"घाबरले होते रे," ती म्हणाली. "दुसरं काय?"

"मला वाटलं काहीतरी म्हणाले."

"नाही. काही नाही."

तिने तो गोळा उचलला आणि कोंबड्यांना टाकायला बाहेर गेली. कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभी राहून रडली, मग तोंड पुसून आत आली.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर रूलन बादलीवर जाऊन बसला. काल तिथे काय झालं ते त्याच्या डोक्यात राहिलं नव्हतं. सगळी माणसं गेली होती, साप मेला हेही गेलं होतं, वाट बघणं तेवढं उरलं होतं. झाडलेल्या जमिनीकडे बघून तो म्हणाला, "पाचोळा कुणी काढला? बरं केलं. पानांत बिचकतो तो."

थेनने दुसरी बादली आणली, पालथी घातली आणि शेजारी बसला. थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून बापाच्या हातात दिली. खिडकीतून डेल्फाला दोघांच्या पाठी दिसत होत्या, एकाच साच्यातल्या, फटीकडे तोंड केलेल्या. या वेळी कॉफी त्यांनी लपवली नाही.

"नाही आला अजून," रूलन म्हणाला.

"नाही."

"येईल. उन्हं तापू दे." त्याने एक घोट घेतला आणि झाकण परत दिलं. "आला की लगेच थेनला फोन करायचा. मागच्या वेळी उशीर झाला."

"करू."

"नंबर आहे ना तुझ्याकडे?"

"आहे," थेन म्हणाला.